एच. पायलोरीचं किट: एका पट्टीत एक दिवस

पोटातल्या एच. पायलोरी जंतूवर डॉक्टर जे किट लिहून देतात, त्याबद्दल लिहितेय. चोपड्याला माझ्या आईचा १४ दिवसांचा कोर्स माझ्याच देखरेखीखाली झाला.

आपल्याकडे पोट बिघडलं की खापर शेवभाजीवर नाहीतर काळ्या मसाल्यावर फुटतं. आईनं तिखट सोडलं, ताक-भाकरीवर आली, तरी जळजळ थांबेना. जळगावला दुर्बिणीतून तपासलं तेव्हा अल्सर आणि हा जंतू, दोन्ही सापडले.

किटची मांडणी मला फार आवडली. एका पट्टीत अमॉक्सिसिलिन ७५०, क्लॅरिथ्रोमायसिन ५००, पँटोप्राझोल ४० मिलिग्रॅम, प्रत्येकी दोन गोळ्या. निम्म्या सकाळी, निम्म्या संध्याकाळी. पट्टी रिकामी झाली की त्या दिवसाचं औषध पूर्ण. आई शाळेत गेलेली नाही, पण हा हिशेब तिला लगेच कळला.

दोन-दोन अँटिबायोटिक कशाला, असं आबांनी विचारलं. हा जंतू जठराच्या चिकट थरात दडतो आणि अमोनिया तयार करून भोवतालचं आम्ल मारतो. एकच औषध दिलं तर त्याला न जुमानणारे थोडे जंतू असतातच, मग तेच उरतात आणि वाढतात. अमॉक्सिसिलिन त्याला भिंत बांधू देत नाही, क्लॅरिथ्रोमायसिन प्रथिनं बनवू देत नाही. दोन्हींतून एकदम निसटणं अवघड. पँटोप्राझोल आम्ल कमी करतं, म्हणून ही दोन्ही औषधं नीट काम करतात.

तक्रार छपाईची आहे. सगळं इंग्रजीत, तेही बारीक. पँटोप्राझोल जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, हे पट्टीवर कुठेच दिसत नाही. मी पेनानं खुणा केल्या. क्लॅरिथ्रोमायसिननं तोंड कडू पडतं, हेही नाही. आईला भरीतसुद्धा कडू लागायला लागलं आणि ती घाबरली.

एका मेडिकलवाल्यानं तर ‘आठवड्याचंच न्या, बरं वाटलं तर पुढचं बघू’ म्हटलं. मला संताप आला. आमच्या डॉक्टरांनी आईला बजावलं होतं, ‘माय, बरं वाटनं म्हनीसन गोया सोडू नका.’ कोलेस्टेरॉलची गोळी मात्र त्यांनी कोर्सपुरती थांबवली, कारण क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर काही स्टॅटिन चालत नाहीत.

अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच गटातलं, म्हणून पेनिसिलिनची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी हे किट नाही. क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारे जंतूही भारतात बरेच आहेत. तिथे डॉक्टर बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडॅझोल आणि आम्ल कमी करणारी गोळी असा चौघांचा कोर्स देतात. बिस्मथनं शौचाला काळी होते, घाबरू नका.

जंतू खरंच गेला का, ते कोर्स संपल्यावर निदान ४ आठवड्यांनी शौचाच्या तपासणीतून कळतं. तपासणीआधी २ आठवडे पँटोप्राझोल बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. आईचा निगेटिव्ह आला. आम्हाला मिळालेल्या खोक्यावर या तपासणीबद्दल अक्षर नव्हतं. ते मराठीत छापलं तर पाच तारे देईन, तोवर चार.