सुपारी देण्याआधी बेंजो ऐका: ऐरोली ते दिवाळे पट्ट्यातल्या हळदीच्या पार्ट्या

नवी मुंबईतली ऐरोली, गोठिवली, घणसोली, कोपरखैरणे, करावे, दिवाळे आणि खाडीपलीकडे ठाण्यातला चेंदणी कोळीवाडा. या गावठाणांत हळदीची तारीख निघाली की मांडववाल्याच्या आधी बेंजोवाल्याला फोन करणारी घरं आजही आहेत. आणि फोन कुठल्याही पार्टीला, म्हणजे वाजवणाऱ्या ताफ्याला, जात नाही, ठरलेल्या पार्टीलाच जातो. ती पार्टी मिळत नसेल तर तारीख पुढेमागे करा म्हणणारे काके-मामे असतात. गणपतीच्या आगमनाला, नवरात्रात, पालखीला पोरं त्याच पार्टीमागे दुसऱ्या गावापर्यंत चालत जातात. हा जीव कशामुळे जडतो ते कळलं, तर सुपारी, म्हणजे वाजवण्याचं काम, कुणाला द्यायची हेही कळतं. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्रच सांगतो.

एकेका पार्टीचं नाव घेऊन इथे तारे वाटलेले नाहीत. मास्तर, म्हणजे बेंजो वाजवणारा म्होरक्या, बदलला की त्याच नावाची पार्टी वेगळी वाजते. त्यामुळे पारख नावाची नको, वाजवण्याची हवी.

आधी वाद्याबद्दल. अमेरिकेतला डफासारखा गोल बँजो वेगळा आणि आपला बेंजो वेगळा. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. त्याचं मूळ जपानी: १९१२ मध्ये नागोयात गोरो मोरिता यांनी तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवून ताइशोगोतो नावाचं वाद्य केलं, त्याचाच हा भाऊबंद. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हाताने तार छेडायची. हळदीत वाजतो तो इलेक्ट्रिक बेंजो, म्हणजे तारांखाली त्यांची थरथर पकडणारा पिकअप आणि पुढे ॲम्प्लिफायर.

या वाद्याची एक मोठी अडचण आहे. तार छेडली की सूर लगेच विरतो. गळ्यासारखा किंवा सनईसारखा तो लांबवता येत नाही. म्हणून मास्तर उजवा हात थांबू न देता तारेवर खालीवर चालवत राहतो आणि तोच सूर थरथरत उभा ठेवतो. बेंजोचा तो चरचरीत, काळजात घुसणारा आवाज या थरथरीतून येतो. आणि त्या आवाजात शब्द नसतात. मुखडा वाजला की शब्द समोरची माणसं भरतात. डोक्यावर पदर घेतलेली आजी ओठांतल्या ओठांत, पोरं घसा फोडून. गायकापुढे आपण ऐकणारे असतो, बेंजोपुढे गाणारे होतो. चाहत्यांचा जीव पार्टीवर जडण्याचं आमच्या मते हे पहिलं कारण. गाणं अर्धं त्यांचं असतं.

दुसरं कारण लयीचं. डीजेचं गाणं चार मिनिटांचं असेल तर चार मिनिटांत संपतं, मग नवरदेवाची आत्या नुकती नाचायला उतरलेली असो नाहीतर नसो. चांगला मास्तर आत्याच्या पायाकडे बघतो. ती रंगात आली की मुखडा आणखी चार वेळा फिरवतो, दमली की ढोलवाल्याला मानेने खूण करून लय अर्धी करतो. वाजवणारा आपल्याला बघून वाजवतोय हे नाचणाऱ्याला बरोबर कळतं, आणि ते तो विसरत नाही.

तिसरं कारण या जमिनीचं आहे. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आली, पुढे शेतं आणि मिठागरं गेली, नोड म्हणजे नव्या वसाहती उभ्या राहिल्या. गावठाणं टॉवरांच्या मधे राहिली. गाण्यांत मात्र होडी आहे, जाळं आहे, एकवीरा आई आहे. बापाच्या हळदीत वाजलेली पार्टी पोराच्या हळदीत वाजते तेव्हा मांडवात जे उभं राहतं ते कुठल्याही स्पीकरमधून येत नाही.

आता पारख. मोबाईलवरचे व्हिडिओ बघून सुपारी देऊ नका. मोबाईलचा माईक ढोल दाबून टाकतो, शिवाय कित्येक व्हिडिओंवर आवाज स्टुडिओतला चढवलेला असतो. पार्टीची पुढची सुपारी कुठे आहे ते विचारा, तिथे जा, मांडवापासून वीसेक पावलांवर उभे राहा. आणि सुरुवातीला जाऊ नका, वाजवायला लागून अर्धा-पाऊण तास झाला की जा.

कारण खरी परीक्षा तेव्हा होते. बेंजोच्या तारा स्टीलच्या. जोरात छेडून छेडून आणि उकाड्याने त्या सैल पडतात, सूर खाली उतरतो. शेजारी कीबोर्ड असतो, त्याची पट्टी हलत नाही. दोघांत केसभर फरक पडला तरी मुखडा आंबट लागतो. जागरूक पार्टी दोन गाण्यांमध्ये ढोल चालू ठेवून तारा पिळून घेते, नाहीतर लावून ठेवलेला दुसरा बेंजो पुढे करते. ‘दुसरा बेंजो सोबत असतो का?’ हा सुपारी देतानाचा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. तार तुटली तरी तोच कामाला येतो.

दुसरं ऐकायचं ते गाणं बदलण्याची जागा. मुरलेल्या पार्टीत मास्तर बेंजो सोडतो, ढोल-ताशा तोच ठेका दोन-चार आवर्तनं धरून ठेवतात आणि त्याच पट्टीत पुढचा मुखडा उचलला जातो. नाचणाऱ्याचं पाऊल अडत नाही. कच्ची पार्टी थांबते, कुठलं गाणं यावर आपापसांत बोलते, कीबोर्डवाला बटणं शोधतो. तेवढ्यात माणसं पाणी प्यायला जातात आणि मांडव थंड पडतो. एकदा थंड पडलेला मांडव पुन्हा तापवायला अर्धा तास लागतो. कोळीगीताचा सहा मात्रांचा झोका आणि हिंदी सिनेमातला सरळ चार मात्रांचा ठेका यांच्यामधली उडी खास लक्ष देऊन ऐका. अननुभवी ताशेवाला तिथेच घसरतो.

लयीबद्दल आणखी एक. पहिल्या पंधरा मिनिटांतच लय टोकाला नेणारी पार्टी बघायला जोरदार वाटते, पण तासाभरात वाजवणारे आणि नाचणारे दोघेही संपतात. सावकाश चढणारी पार्टी निवडा.

माणसं किती हवीत? घरापुढच्या गल्लीतल्या मांडवाला आठ-नऊ जण पुरतात: बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), दोन ढोल, ताशा, ढोलकी आणि हाताखाली एक-दोघं. पंधरा-वीस जणांचा ताफा मैदानाला शोभतो. दहा-बारा फुटांच्या गल्लीत, वर पत्रा असेल तर इतक्या माणसांचा नुसता गोंगाट होतो आणि बेंजो बुडतो. अशा गल्लीत ढोल-ताशाला माईक लावू देऊ नका, त्यांचा मूळ आवाजच भरपूर असतो. ऑक्टोपॅडचा आवाज ताशाच्या खाली ठेवायला सांगा. त्याच्या आठ पॅडवर काय काय आवाज आहेत हे दाखवायचा मोह पोरांना आवरत नाही. कर्णे मांडवाच्या तोंडाशी, डोक्याच्या वर आणि बाहेरच्या बाजूला वळवून बांधायचे. खुर्च्यांवर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या कानाशी नकोत.

सोबत गायक घ्यावा का? हल्ली बहुतेक जण घेतात. आमचं मत: पूर्ण वेळ नको. गायक आला की शब्द त्याचे होतात आणि मांडव गायचा थांबतो. देवीच्या गाण्यांना आणि शेवटच्या अर्ध्या तासाला गायक, बाकी नुसता बेंजो, ही वाटणी उत्तम जमते.

वीज हा नेहमीचा घोळ. मांडवाच्या लाइटिंगच्याच लाइनवर ॲम्प्लिफायर जोडला की भुणभुण सुरू होते, आणि जनरेटरला अर्थिंग नसेल तर ती आणखी वाढते. बेंजोचा पिकअप ही भुणभुण लगेच पकडतो. बेंजोसाठी वेगळी लाइन काढून द्या आणि त्याची वायर लाइटच्या वायरींपासून लांब ठेवा. वीज गेली तर ढोल-ताशा चालूच राहतात, पण कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड बंद पडून नव्याने सुरू व्हावे लागतात. या दोघांपुरता छोटा यूपीएस असलेल्या पार्टीला आम्ही जास्त गुण देतो. ढोलाचं पान चामड्याचं असेल तर खाडीकाठच्या दमट हवेत संध्याकाळनंतर ते सैल होऊन आवाज ‘भद्द’ येतो. फायबरच्या पानाला तो त्रास नाही, पण त्याचा नाद थोडा कोरडा असतो. दोन्ही प्रकारचे ढोल ठेवणारी पार्टी मिळाली तर सोडू नका.

आणि आता ज्यावर आम्ही पार्टीचे सगळ्यात जास्त गुण ठरवतो ती गोष्ट. धवलारीण, म्हणजे लग्नविधीची पारंपरिक गाणी म्हणणारी बाई, तिची गाणी म्हणजे धवले म्हणायला बसली, की बेंजो पूर्ण थांबला पाहिजे. हळू वाजलेलाही चालणार नाही. तिच्या आवाजाला माईक नसतो. चांगल्या पार्टीतला मास्तर उजवा हात तारांवर सपाट ठेवतो, ॲम्प्लिफायरचं बटण खाली घेतो, पोरांना बसवतो. धवला संपून हळदीचा हात नवरदेवाच्या गालाला लागला की एकदम पहिला ठोका. त्या एका ठोक्यासाठी माणसं वर्षानुवर्षं एकाच पार्टीला बोलावतात.

वेळेचं गणित चुकवू नका. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. पोलीस ठाण्याची परवानगी यजमानानेच आधी काढायची, पार्टीवर सोडायची नाही. हळद ९ वाजता लागणार असेल आणि तेव्हाच वाजवायला सुरुवात केली तर तासच मिळतो, मग तीन तासांचे पैसे कशाला द्यायचे? त्यापेक्षा पार्टीला ६ ला बोलवा, जोडणीला पाऊण तास धरा, पावणेसातला पहिला मुखडा.

सुपारी ठरवताना कागदावर चार ओळी लिहून घ्या: माणसं किती, मास्तर कोण येणार, किती तास, जनरेटर कुणाचा. मास्तरचं नाव लिहायला विसरू नका. लग्नसराईत एकाच रात्री दोन सुपाऱ्या घेऊन दुसरीकडे बदली माणूस पाठवण्याचे प्रकार होतात, आणि ‘पार्टी आलीच होती ना’ यावर तुमच्याकडे उत्तर राहत नाही. टेम्पो गल्लीत शिरतो का तेही आधी दाखवा. शिरत नसेल तर सामान न्यायला हातगाडी तयार ठेवा. घराच्या आवडीची दहा-बारा गाणी आठवडाभर आधी कळवा, त्यात आजीने सांगितलेली दोन तरी हवीत. नवं गाणं बसवायला पार्टीला तालमीचे दोन-तीन दिवस लागतात, ऐनवेळी केलेली फर्माईश अर्धवटच वाजते.

आणि वाजवणाऱ्यांचं जेवण ८ च्या सुमारास, दोन पाळ्यांत लावा. सगळे एकदम पानावर बसले की मांडव थंड पडलाच.