जिओजेब्रा: आलेखांसाठी उत्तम, सिद्धतेसाठी अपुरे

माध्यमिक गणिताच्या सुधारित अभ्यासक्रमात आलेखांना जास्त तासिका द्यायच्या असतील, तर जिओजेब्रा हे मोफत सॉफ्टवेअर हवेच. वर्ग बहुपदीच्या तिन्ही सहगुणकांना स्लायडर (किंमत बदलणारी सरकपट्टी) लावा. स्थिर पद बदलले की अन्वस्त (या बहुपदीचा वक्र आलेख) नुसता वरखाली सरकतो. मधला सहगुणक बदलताना मात्र शिरोबिंदूचा ‘ट्रेस’ (मागे उमटणारा माग) चालू ठेवा. तो चक्क दुसरा, उलटा अन्वस्त रेखाटतो! फळ्यावर हे दाखवणे जिकिरीचे.

खोट दशांशात आहे. मूळ सेटिंगमध्ये दोनच दशांश स्थळे दिसतात, म्हणून मुले २ चे वर्गमूळ ‘बरोबर १.४१’ लिहून मोकळी होतात. अपरिमेय संख्यांआधी सेटिंगमध्ये स्थळे वाढवा. दुसरी अडचण आकृत्यांची: अंदाजाने चार बिंदू ठेवून काढलेला चौरस, त्याचा एखादा बिंदू ओढताच मोडतो. सुसम बहुभुजाचे साधन वापरा. सिद्धतेला वही-पेनच लागते.