ॲक्रिलिकवरचा जुना कागद काढताना: हेअर ड्रायर की रॉकेल?

ॲक्रिलिकच्या, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या, नव्या शीटवर ओरखडे पडू नयेत म्हणून चिकटवलेला तपकिरी कागद एका ओढीत निघतो, हे ज्यांनी हे काम केले आहे त्यांना सांगायला नको. प्रश्न असतो तो वर्षानुवर्षे विसरलेल्या मालाचा. फोंड्याजवळच्या आमच्या घरी मंगळुरी कौलांखालच्या माळ्यावर चार फूट बाय दोन फूट मापाचे, ३ मिलिमीटर जाडीचे सहा तुकडे सुमारे बारा वर्षे पडून होते. यंदा चवथीच्या मखराला तेच वापरायचे असे ठरल्यावर ऐन श्रावणात मी ते खाली उतरवले. कोपरा नखाने उचलला, तर कागदाचा वरचा पापुद्रा तेवढा हाती आला आणि खालचा पापुद्रा गोंदासकट शीटवरच राहिला. सहांपैकी दोन तुकडे नेमके काचेच्या कौलाखाली होते, त्यांची अवस्था सर्वांत वाईट होती. उन्हाने आणि उष्णतेने हा गोंद कडक होत जातो आणि कागदाच्या तंतूंत मुरतो, त्यामुळे कागद जितका जुना, त्याहूनही तो ज्या जागी ठेवला ती जागा किती तापत होती याला अधिक महत्त्व आहे, असे मला वाटते.

थिनर, ॲसिटोन, पेट्रोल आणि नखांचे पॉलिश काढायचे द्रव्य यांचा विचारही करू नये, कारण ही द्रव्ये गोंदाबरोबर ॲक्रिलिकलाही खातात आणि पारदर्शक शीट पांढुरकी, धुरकट होते. साबणाच्या पाण्यात शीट रात्रभर भिजत ठेवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. मी तोही करून पाहिला. कागदाचा लगदा झाला आणि तो बोटांनी लोटून निघाला, पण गोंद पाण्यात विरघळणारा नव्हता, त्यामुळे तो जिथल्या तिथे राहिला. सॅनिटायझरसाठी २०२० मध्ये घरोघरी आलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल गोंद बऱ्यापैकी सैल करते. मात्र शीट लेझरने कापलेली असेल तर कापलेल्या कडेत ताण शिल्लक असतो आणि अल्कोहोल लागले की तिथे केसासारख्या बारीक भेगा उमटू शकतात. माझे दोन तुकडे आधीच लेझरने कापून आणलेले होते, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. शेवटी निवड राहिली ती हेअर ड्रायर आणि रॉकेल या दोहोंतच.

हेअर ड्रायरची बाजू मी मुद्दाम आधी मांडतो, कारण पहिल्या दिवशी माझे मत त्याच्याच बाजूने होते. घरात तो असतोच, वास येत नाही, काहीही सांडत नाही. कोपऱ्यापाशी मिनिटभर गरम हवा धरली की गोंद मऊ पडतो, आणि कागद हळूहळू, शीटला जवळजवळ समांतर ओढत गेलो तर तो सलग निघू लागतो. ॲक्रिलिक साधारण १०० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ होऊ लागते, त्यामुळे ड्रायर सतत फिरता ठेवला आणि हाताला शीट सोसवेल इतपतच तापवली, तर धोका फारसा नाही. हीट गन मात्र या कामाला नको. तिची हवा कित्येक पट तापलेली असते आणि एका जागी क्षणभर जास्त थांबली तरी शीट वाकते किंवा तिच्यात बुडबुडे धरतात. काचेच्या कौलापासून दूर राहिलेल्या एका तुकड्याचा कागद ड्रायरने मी अर्ध्या तासात काढला आणि मनातल्या मनात निकालही देऊन टाकला.

निकाल फिरला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. काढलेला तुकडा पडवीत उजेडाकडे धरला, तेव्हा त्यावर गोंदाचे पट्टे दिसले, आणि जिथे जिथे ओढताना माझा हात थांबला होता तिथे तिथे आडवी रेघ उमटली होती. आदल्या संध्याकाळी पावसात दोनदा वीज गेली होती. त्या दोन्ही वेळी अर्धवट तापलेला गोंद पुन्हा आवळून बसला होता आणि त्या ठिकाणच्या रेघा सर्वांत जाड होत्या. पुन्हा ड्रायर लावला, तर गोंद मऊ झाला खरा, पण ओढायला कागदच उरला नव्हता, त्यामुळे फडक्याने तो फक्त इकडचा तिकडे पसरला. चिकट पृष्ठभागावर रात्रीतून धूळ आणि चिलटे बसली होती, ती वेगळीच. अखेर तो गोंद काढायला मी रॉकेलचाच बोळा फिरवला आणि दोन मिनिटांत शीट स्वच्छ झाली. शेवटी रॉकेलच लावायचे असेल, तर आधीचा अर्धा तास कशासाठी घालवला, या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही.

पुढचे तुकडे मी थेट रॉकेलने केले. शीट पडवीच्या फरशीवर जुन्या चादरीवर आडवी ठेवली. कागदाचा वरचा पापुद्रा जिथे सुटतो तिथे आधी सोलून घेतला, कारण तो काही ठिकाणी तुळतुळीत असतो आणि रॉकेल आत जाऊ देत नाही. मग फडक्याने रॉकेल भरपूर लावले, कागद गडद दिसू लागला की वर प्लॅस्टिकचा कागद अंथरला, म्हणजे ते उडून जात नाही, आणि रात्रभर तसेच राहू दिले. सकाळी जुन्या एटीएम कार्डाने कोपरा उचलून कागद पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर गुंडाळत गेलो, तो गोंदासकट आला. काचेच्या कौलाखालच्या दोन तुकड्यांना मात्र दोन रात्री द्याव्या लागल्या. धातूची पाती किंवा तारेची घासणी कितीही मोह झाला तरी वापरू नये.

या पद्धतीचे दोष लपवण्यात अर्थ नाही. रॉकेल आता पूर्वीसारखे सहज मिळत नाही आणि वास दोन दिवस घरात रेंगाळतो. आईने तर पहिल्याच दिवशी बजावले की ही शीट धुतल्याशिवाय देवाच्या खोलीत येता कामा नये, आणि तिचे म्हणणे बरोबरच होते. भांड्यांच्या साबणाचे कोमट पाणी आणि मऊ सुती फडके यांनी दोनदा धुतल्यावर वास गेला. फडके ओलेच असावे, कारण कोरड्याने पुसले की शीट धूळ ओढून घेते आणि तीच धूळ ओरखडे पाडते. काचा पुसायचा अमोनियायुक्त फवाराही टाळावा. दोन्ही पद्धती एकत्र करण्याचा विचार कोणाच्या मनात येईल, म्हणून स्पष्ट लिहितो: रॉकेल लावलेल्या शीटजवळ ड्रायर चालू करू नये. शीट धुऊन कोरडी होईपर्यंत समई, उदबत्ती आणि गॅसची शेगडी यांपासूनही ती दूर ठेवावी.

तेव्हा एखादाच लहान तुकडा असेल, कागद फार तापलेला नसेल आणि चवथ उद्यावर आली असेल, तर हेअर ड्रायरला मी नाही म्हणणार नाही. ज्या शीटवर मागच्या बाजूने व्हिनाइलची, म्हणजे पातळ चिकट प्लॅस्टिकची, अक्षरे लावलेली आहेत तिथेही रॉकेल भिजत ठेवणे मला धोक्याचे वाटते, कारण ते कडेने आत शिरून अक्षरांचा गोंदही सैल करू शकते. आरशासारख्या ॲक्रिलिकचे दोन तुकडे माझ्याकडे अजून तसेच आहेत. त्यांच्या मागच्या रंगाच्या थरावर रॉकेल लावायला मी धजलो नाही, म्हणून तेवढे मी पाऊस सरल्यावर, वीज टिकून राहील अशा एखाद्या दिवशी ड्रायरनेच करणार आहे, आणि मागे राहिलेला गोंद रॉकेलच्या अगदी पिळून घेतलेल्या फडक्याने, फक्त पुढच्या बाजूने पुसणार आहे.