सप्ताहाचं कीर्तन लाइव्ह दाखवायचंय: फोन पुरेल की लॅपटॉप आणायचा?

सप्ताह जवळ आला की मला हमखास विचारणा होते. "मुंबईची मंडळी म्हणतात, यंदा कीर्तन यूट्यूबवर दाखवा. फोनवरून जमेल, का लॅपटॉप आणायचा?" मी दोन्ही करून पाहिलंय. चित्र कशात जास्त छान दिसतं यावर ठरवू नका. अभंग रंगात आला असताना काहीतरी बिघडणारच. तेव्हा काय बिघडलंय ते तुम्हाला कळेल का, आणि कळलं तर जागेवर सुधारता येईल का, हे आधी बघा.

फोन मुळात कमी बिघडतो. कॅमेरा, बॅटरी, नेट सगळं एकाच डबीत. लाइट गेली तरी तो चालूच राहतो. लॅपटॉपही बॅटरीवर चालतो म्हणा, पण राऊटर बंद पडला की तो चालून उपयोग काय? फोनची अडचण वेगळी आहे, तो कारण सांगत नाही. चित्र चौकोन-चौकोन दिसायला लागलं, तर नेट कमी पडलं की फोन तापला? कळायला मार्ग नाही. लॅपटॉपवर ओबीएस (लाइव्ह पाठवायचा फुकट प्रोग्रॅम) असेल तर 'स्टॅट्स' ही खिडकी उघडा. नेटवर्कमुळे गळलेल्या फ्रेम्स (व्हिडिओतली सुटी चित्रं) वाढत असतील तर दोष नेटचा, बिटरेट (दर सेकंदाला पाठवायचा डेटा) उतरवा. एन्कोडिंगमुळे (पाठवण्यासाठी चित्र दाबून लहान करताना) सुटलेल्या वाढत असतील तर लॅपटॉपच दमलाय, चित्राचा दर्जा १०८० वरून ७२० वर आणा. दोन आकडे बघितले की निदान झालं.

नेटचं दुखणं मात्र दोघांनाही सारखंच. सकाळी मोकळ्या मंडपात स्पीड चांगला दिसतो आणि संध्याकाळी तोच टॉवर सगळ्या गर्दीच्या फोनांत वाटला जातो. म्हणून चाचणी आदल्या दिवशीच्या कीर्तनातच घ्या, आणि डाउनलोड नाही, अपलोडचा आकडा बघा. ७२० साठी बिटरेट २,५०० केबीपीएस ठेवायचा असेल तर अपलोड निदान ५ एमबीपीएस (५,००० केबीपीएस) मिळायला हवं. शेजारच्या घरात फायबर असेल तर हात जोडून मागा आणि वायफायऐवजी लांब लॅन केबल ओढा. इथे लॅपटॉप सरळ जिंकतो. मोबाईल डेटावरच करायचं असेल तर हिशेब असा: या बिटरेटला दोन तासांचं कीर्तन सव्वादोन जीबीच्या पुढे जातं. रोज दीड जीबीचा पॅक मध्येच संपतो आणि लाइव्ह तिथेच बसतं.

आता आवाज. कीर्तन ऐकायचं असतं, त्यामुळे माझ्या मते खरा निवाडा इथेच होतो. फोनचा माइक आवाज आपोआप कमी-जास्त करतो. मृदंगावर जोरात थाप पडली की तो आवाज दाबतो आणि महाराजांचे पुढचे दोन शब्द गिळले जातात. साउंडवाल्याला सांगून मिक्सरमधून वेगळी लाइन घ्या, पण ती थेट फोनच्या माइकच्या जागी खुपसू नका, फाटका आवाज येईल. मध्ये लहानसं यूएसबी साउंड कार्ड लावा. मग फोनच्या स्वतःच्या माइकवर बोट घासून बघा. खरखर ऐकू आली तर फोन अजून आपलाच माइक वापरतोय.

लॅपटॉपलाही तेच कार्ड लावायचं, पण तिथे दोन नवी दुखणी येतात. पहिलं म्हणजे 'हम्म' असा सतत घुमणारा आवाज. चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर तो विजेच्या जोडणीतून येतोय. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्या, बहुधा जातो. दुसरं, कॅमेरा कॅप्चर कार्डातून (कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं उपकरण) आला की चित्र आवाजाच्या मागे पडतं. कीर्तनाआधी एखाद्या टाळकऱ्याला कॅमेऱ्यासमोर टाळ एकदाच वाजवायला सांगा आणि रेकॉर्डिंग करून बघा. नाद आधी आणि टाळ नंतर भिडताना दिसले, तर ओबीएसमध्ये आवाजाच्या 'सिंक ऑफसेट'मध्ये (आवाज उशिरा सोडायची सेटिंग) १०० मिलिसेकंद घाला, परत बघा, जुळेपर्यंत वाढवा.

आणखी एक फरक, ज्याकडे लक्ष जात नाही: लिंक. लॅपटॉपवर स्ट्रीम की (यूट्यूब देतं तो तुमच्या लाइव्हचा गुप्त कोड) वापरून लाइव्ह जाता येतं आणि यूट्यूबमधलं 'ऑटो-स्टॉप' (चित्र येणं थांबलं की लाइव्ह आपोआप संपवणारी सोय) बंद ठेवता येतं. नेट पाच मिनिटं गेलं तरी परत जोडल्यावर लिंक तीच राहते. फोनवर यूट्यूबचं ॲप मध्येच बंद पडलं तर नवं लाइव्ह, नवी लिंक अशी वेळ येऊ शकते. गावच्या सगळ्या ग्रुपांवर जुनी लिंक फिरत असते आणि पुण्यातली आजी काळ्या पडद्याकडे बघत बसते. याला फोनवरही तोड आहे. लारिक्स ब्रॉडकास्टरसारखं ॲप घ्या, त्यात स्ट्रीम की टाकता येते, बिटरेट स्वतः ठरवता येतो, आणि यूट्यूबच्या ॲपला लागणारी ५० सदस्यांची अटही आड येत नाही. चॅनेल नवीन असेल तर लाइव्हची सोय सुरू व्हायला २४ तास लागू शकतात, तेवढं आधी उरकून ठेवा.

तर एकच कॅमेरा, मोबाईलचं नेट आणि सांभाळायला एकटा माणूस असेल तर फोनच घ्या, त्यात असं ॲप, कडेला छोटा पंखा, आणि येणारे कॉल बंद. फायबरची केबल पोहोचत असेल आणि कीर्तनभर पडद्यासमोरून न उठणारा एक जण मिळत असेल तर लॅपटॉप. तो उठून पंगतीत वाढायला जाणार असेल तर नको. लॅपटॉप घेतलात तर ओबीएसमध्ये रेकॉर्डिंगही सुरू ठेवा, आणि ते एमकेव्ही प्रकारच्या फाइलीत. साध्या एमपी४ची फाइल लॅपटॉप अचानक बंद पडला तर उघडतच नाही, एमकेव्ही तिथपर्यंतची शाबूत राहते. लाइव्ह कोलमडलंच तर रात्री घरी जाऊन ते कीर्तन चढवता येतं.