रोलंड टीआर-०८ : मायामी बेस करायचा असेल तर

मायामी बेस म्हणजे दक्षिण फ्लोरिडातलं, खोल बेसवर उभं असलेलं हिप-हॉप. त्याचा सगळा जीव एका नॉबमध्ये आहे, तो म्हणजे बेस ड्रमचा (किकचा) डिके, म्हणजे ठोका विरायला लागणारा वेळ. रोलंडच्या जुन्या टीआर-८०८ या ड्रम मशीनवर (१९८० ते ८३) तो शेवटपर्यंत फिरवला की किक ठोका देऊन थांबत नाही, साधारण ५० हर्ट्झवर घुमत राहते. आफ्रिका बंबाटाच्या १९८२ च्या ‘प्लॅनेट रॉक’मुळे ही मशीन हिप-हॉपमध्ये गाजली, पण ती घुमच गाण्याच्या केंद्रस्थानी आणली दक्षिण फ्लोरिडाने. १९८५ मध्ये एमसी एडीईचं ‘बेस रॉक एक्सप्रेस’ आलं, १९८६ मध्ये टू लाइव्ह क्रूचं ‘थ्रो द डी’. मायामीच्या लिबर्टी सिटी वस्तीत ल्यूथर कॅम्बेल आणि घेटो स्टाइल डीजे हा डीजेंचा गट भलेमोठे स्पीकर रचून पार्ट्या वाजवत होते. तिथे वेगळ्या बेस गिटारची गरजच नव्हती, ते काम किक करायची.

२०१७ मध्ये आलेली टीआर-०८ ही त्याच मशीनची छोटी डिजिटल आवृत्ती. ती घुम इथे मिळते का? मिळते, आणि चांगली मिळते.

टेम्पो मिनिटाला १३० ठोके ठेवा. पॅटर्नला सोळा पायऱ्या असतात. किक १, ७ आणि ११ व्या पायरीवर, स्नेअर ५ आणि १३ वर, बंद हाय-हॅट (झांज) सोळाही पायऱ्यांवर. ॲक्सेंट (जोर) १, ५, ९, १३ ला द्या, नाहीतर हॅट सपाट वाजते. आता डिके पूर्ण उघडा. गडबड इथेच होते. १३० ला एक पायरी जेमतेम ०.११५ सेकंदाची. १ ते ७ मध्ये ०.६९ सेकंद मिळतात, तिथे शेपूट छान ऐकू येते. ७ ते ११ मध्ये फक्त ०.४६, म्हणून पहिली घुम विरायच्या आत दुसरी किक येऊन आदळते आणि खालच्या आवाजाचा चिखल होतो. ११ वरची किक काढा किंवा डिके दोन-तृतीयांशावर आणा. ती काढलेलीच आम्हाला जास्त आवडते, कारण या संगीतात रिकामी जागाही वाजते.

५० हर्ट्झ म्हणजे जवळपास खालचा जी हा स्वर. सिंथेसायझर दुसऱ्या सुरात असेल तर दोन्ही एकमेकांशी भांडतात. मूळ ८०८ वर किकला ट्यूनिंगचा नॉब नव्हता, इथे मेनूतून सूर जुळवता येतो, आणि ही सोय मोलाची आहे. किकचा कॉम्प्रेसर (आवाजातला चढउतार कमी करणारी सोय) मात्र आधी शून्यावरच ठेवा. जास्त दिला की सुरुवातीचा ठोका दबतो, आणि मोठ्या वूफरवर किक नेमकी कुठे पडली तेच कळेनासं होतं.

उणिवा आहेत. नॉब बारीक आणि दाटीवाटीने बसवलेले. आउटपुट फक्त ३.५ मिमीचा स्टीरिओ जॅक. वाद्यं वेगवेगळ्या ट्रॅकवर हवी असतील तर यूएसबीच वापरावा लागतो, आणि किक वेगळी घेतल्याशिवाय मिक्स जमत नाही. लॅपटॉपवरून वीज घेऊन त्याच वेळी जॅकमधून आवाज काढलात तर घरघर येऊ शकते. तेव्हा यूएसबीची वायर काढून चार एए सेल घाला. आतला स्पीकर पॅटर्न तपासण्यापुरताच, खालचा आवाज त्यातून येतच नाही.

हे संगीत गाडीच्या डिकीतल्या मोठ्या वूफरवर वाढलं. सबवूफर नसेल तर मशीनचे पैसे आधी सबवूफरवर घाला.