ग्रे कार्ड आणि कलर चार्ट : आठ महिने वापरल्यानंतर

आठ महिन्यांपूर्वी दोन बहिणींचे फोटो काढले होते. दुपारची वेळ, झाडाची दाट सावली, पायाखाली हिरवळ. थोरली सावळी, धाकटी गोरी. घरी येऊन फाइल उघडल्या तर धाकटीच्या हनुवटीखाली हिरवट झाक आणि थोरलीचा चेहरा राखाडी, अंगात रक्तच नसल्यासारखा. दोन तास फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगाचे स्लायडर सरकवत बसले. एकीचा रंग जमला की दुसरीचा बिघडायचा. फोटो दिल्यावर थोरलीनं एवढंच विचारलं, ‘‘ताई, माझा रंग असा आहे?’’ त्याच आठवड्यात १८ टक्क्यांचं ग्रे कार्ड (पडलेल्या उजेडातला १८ टक्के परतवणारं करडं कार्ड; त्याचा फोटो घेऊन नंतर सॉफ्टवेअरमध्ये त्यावर क्लिक केलं की उजेडाचा रंग कळतो) आणि २४ रंगांचा घडीचा कलर चार्ट (ठरलेल्या रंगांच्या चौकोनांचा तक्ता) मागवला. तेव्हापासून बाहेर फोटो काढायला जाताना एकदाही ते घरी ठेवलेले नाहीत.

चार्टबद्दल आधी थोडं, कारण त्याची मांडणी मला फार भावली. २४ चौकोनांचा हा आराखडा १९७६ सालचा, मॅकबेथ कंपनीतल्या लोकांनी केलेला. त्यातले पहिले दोन चौकोन म्हणजे गडद त्वचा आणि उजळ त्वचा. आकाश, पानं, फुलं त्यानंतर. म्हणजे सुरुवातच माणसाच्या कातडीपासून, आणि तीही दोन्ही प्रकारच्या. फिल्मच्या जमान्यात प्रिंट लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकची ‘शर्ली कार्डं’ असत. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असायचा, आणि तिची त्वचा नीट छापली गेली की मशीन बरोबर आहे असं धरायचे. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकाच कार्डावर यायला १९९०चं दशक उजाडावं लागलं. हे वाचलं तेव्हा थोरल्या बहिणीचा प्रश्न मला पुन्हा ऐकू आला.

आता वापराचं. पहिले दोन-तीन आठवडे मी कार्ड चक्क चुकीचं धरत होते. समोरच्या माणसाला हातात द्यायचं, एक फ्रेम घ्यायची, झालं. तो कार्ड पोटाशी धरायचा, थोडं वर, आकाशाकडे कललेलं. मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत उजेड मुख्यतः निळ्या आकाशाचाच असतो. त्यामुळे वर कललेल्या कार्डावर निळा जास्त पडतो आणि चेहऱ्यावर येणारा उजेड काही वेगळाच राहतो. एकदा मुद्दाम मोजलं. कार्ड वर कललेलं असताना सॉफ्टवेअरनं ७२०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळा) दाखवलं, आणि तेच गालाला लावून चेहऱ्याच्या रोखानं धरल्यावर ६१००. पहिल्या आकड्यानं चेहरा कावीळ झाल्यासारखा पिवळा दिसत होता. आता मी कार्ड नेहमी गालाशेजारी, गाल ज्या दिशेला आहे त्याच दिशेला धरायला लावते. सगळ्या उपकरणात मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेली गोष्ट हीच. कार्ड फक्त जिथे धरलंय तिथला उजेड सांगतं.

‘पांढरा कागद किंवा रुमाल चालत नाही का?’ असं अनेकजण विचारतात. मीही तेच करून पाहिलं होतं. बहुतेक पांढऱ्या कागदांत आणि धुतलेल्या कपड्यांत चमक वाढवणारी द्रव्यं असतात. ती अतिनील किरण शोषतात आणि निळा उजेड बाहेर टाकतात. बाहेरच्या उजेडात अतिनील भरपूर. कॅमेऱ्याला वाटतं उजेडच निळा आहे, तो भरपाई म्हणून पिवळा वाढवतो, आणि बिचारा चेहरा पिवळा पडतो. म्हणून कागद नको.

ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे कॅमेरा उजेडाच्या रंगाची भरपाई आपणहून करतो त्यावर, माझा राग नाही. सरळ उन्हात, ५२०० ते ५५०० केल्विनच्या आसपास, तो बऱ्यापैकी बरोबर असतो. पण तो फ्रेममध्ये काय दिसतंय त्यावरून अंदाज बांधतो. मागे हिरवळ असेल तर एक अंदाज, दोन पावलं पुढे जाऊन चेहऱ्यानं फ्रेम भरली की दुसरा. उजेड तोच, माणूस तोच, आणि लागोपाठच्या दोन फोटोंत त्वचेचा रंग वेगळा. कार्डामुळे हे थांबलं. जागा बदलली की एक फ्रेम कार्डाची, आणि त्या जागेचे सगळे फोटो त्या एका आकड्यावर. मी रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढते, त्यामुळे हे नंतर करता येतं. जेपेग काढणाऱ्यांनी फोटो काढण्याआधीच कार्ड दाखवून कॅमेऱ्यात कस्टम व्हाइट बॅलन्स लावून घ्यावा. जेपेगमध्ये नंतर फार ओढाताण केली की गालावरचे बारीक रंग तुटतात.

झाडाखालच्या हिरव्याचा प्रश्न मात्र केल्विननं सुटत नाही, हे समजायला मला वेळ लागला. केल्विनचा स्लायडर निळा ते पिवळा एवढाच फिरतो. पानांतून गाळून आलेला उजेड हिरवा असतो, त्याला टिंटचा स्लायडर लागतो, मजेंटाच्या (जांभळट गुलाबीच्या) बाजूला. कार्डावर क्लिक केलं की दोन्ही एकदम बसतात, ही त्याची मोठी सोय. तरी हनुवटीखाली हिरवळीवरून उसळून आलेला हिरवा राहतोच, कारण तिथला उजेड गालावरच्या उजेडाहून वेगळा आहे आणि कार्ड एकाच जागेचं माप देतं. त्यावर माझा उपाय साधा आहे. माणसाला हिरवळीवरून उचलून मातीच्या किंवा फरशीच्या कडेला उभं करते, नाहीतर पांढरा रिफ्लेक्टर जमिनीवर पसरते. लाल किंवा केशरी भिंत शेजारी असेल तर तिच्यापासूनही चार पावलं लांब.

एक्स्पोजरचा, म्हणजे फोटो किती उजळ घ्यायचा ते ठरवण्याचा, फायदा मी आधी गृहीतच धरला नव्हता. स्पॉट मीटर (कॅमेऱ्यातलं, एका छोट्या जागेचा उजेड मोजणारं) जे समोर दिसेल ते मध्यम करड्याला आणायला बघतं. सावळ्या चेहऱ्यावर मीटर लावलं की तो गरजेपेक्षा उजळतो, गोऱ्या चेहऱ्यावर लावलं की मळकट होतो. दोन बहिणींच्या फोटोत मी नेमकं हेच एकामागून एक करत होते. आता मीटर कार्डावर, आणि दोघींना एकच एक्स्पोजर. सावळी सावळी राहते, गोरी गोरी. त्वचा उजळ करून ‘छान’ दिसते असं मानणाऱ्यांशी माझं पटत नाही. फोनमध्ये किंवा अ‍ॅपमध्ये तशी सोय आपोआप चालू असेल तर ती आधी बंद करा, नाहीतर कार्डाचा काहीच उपयोग नाही. सावळ्या त्वचेत कपाळावर जो निळसर-सोनेरी तजेला असतो, तो फोटोत आला की मला काम झाल्यासारखं वाटतं.

संध्याकाळी मात्र मी कार्डाचं सगळं ऐकत नाही. सूर्य मावळतीला असताना कार्ड ३५०० ते ३७०० सांगतं. तो आकडा जसाच्या तसा लावला तर त्वचा अगदी ‘बरोबर’ येते आणि संध्याकाळ निघून जाते, भर दुपारी काढल्यासारखा फोटो. मी ४५००च्या आसपास थांबते. ऊब राहते आणि ओठ-गाल नारिंगी होत नाहीत. याच वेळी लाल चॅनेलवर (फोटोतल्या लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन थरांपैकी लालवर) लक्ष ठेवायला हवं. उबदार उजेडात कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर लाल सगळ्यात आधी भरतो, म्हणजे त्याच्या कमाल मर्यादेला पोचतो, हिरवा मात्र वाढत राहतो, आणि तो ठिपका पिवळा पडतो. साध्या हिस्टोग्रामवर (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर) हे दिसत नाही, तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू ठेवावा लागतो. एकदा गेलेला लाल नंतर कुठल्याच स्लायडरनं परत येत नाही.

रंगीत चौकोनांचा वापर मी ग्रे कार्डाएवढा करत नाही. चार्टवरून माझ्या कॅमेऱ्यासाठी एक उन्हाचं आणि एक सावलीचं अशी दोन प्रोफाइल (कॅमेऱ्याचे रंग सुधारून घेणाऱ्या सेटिंगच्या फाइल) करून ठेवली, त्याला अर्धा तास लागला. सुरुवातीच्या प्रोफाइलमध्ये माझ्या कॅमेऱ्याचे लाल नारिंगीकडे झुकत होते, ते सरळ झाले. त्यानंतर प्रत्येक वेळी चार्ट उघडायची गरज पडलेली नाही. फक्त छंद म्हणून काढणाऱ्यांनी चार्टचा खर्च केला नाही तरी चालेल. नुसतं चांगलं ग्रे कार्ड घ्या, आणि उरलेल्या पैशांतून आधी मॉनिटर कॅलिब्रेट करून (त्याचे रंग खरे दिसतील असे जुळवून) घ्या. माझा मॉनिटर निळसर होता, म्हणून कार्डानं बरोबर केलेले चेहरेही मला कित्येक दिवस थंड वाटत होते आणि मी ते पुन्हा पिवळे करून ठेवत होते. रात्री स्क्रीन उबदार करणारी सोयही फोटो बघताना बंद ठेवते.

तक्रारी आहेत. लहान मुलं कार्डाकडे बघतात, कॅमेऱ्याकडे नाही, आणि तेवढ्यात हवा तो क्षण निसटतो. म्हणून मुलांच्या वेळी कार्डाची फ्रेम सगळं झाल्यावर घेते. ढग पळत असतील तर दर पाच मिनिटांनी कार्ड, यातून सुटका नाही. सूर्य पाठीमागे असताना कार्डावर थोडी जरी चकाकी आली तर माप चुकतं, तिरकं करून चकाकी घालवावी लागते. घडीची बिजागरी पाचव्या महिन्यात सैल झाली. आणि चार्टच्या खालच्या ओळीतल्या पांढऱ्या चौकोनावर माझ्याच अंगठ्याचा तेलकट डाग पडला आहे. तो पुसला तर रंग जाईल अशी भीती वाटते, म्हणून मी त्याच्या शेजारच्या फिक्या करड्यावर क्लिक करते. आता चार्ट कुणाच्याही हातात देताना कडेनं धरायला सांगते.