इशापूरची ७.६२ की बीएसएची थ्री नॉट थ्री? एक हिवाळा, एक उन्हाळा वापरल्यानंतर

टोरंटो-मिसिसॉगाकडे रेंजवर जाणारे मराठी लोक थोडेच आहेत, पण ली-एनफिल्ड (प्रत्येक गोळीमागे हातानं बोल्ट मागेपुढे करावा लागणारी जुनी लष्करी रायफल) घ्यायची म्हटलं की सगळ्यांचा प्रश्न एकच: ‘ओरिजिनल’ ब्रिटिश घ्यावी की आपली इशापूरची? माझ्याकडे दोन्ही आहेत. एक बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्याची, १९१७ सालची नंबर १ मार्क ३ स्टार, .३०३ बोअरची. दुसरी पश्चिम बंगालातल्या रायफल फॅक्टरी इशापूरची २ए१, ७.६२ नाटोची, बटाच्या (मागच्या लाकडी दस्त्याच्या) सॉकेटवर ‘आरएफआय १९६७’ असा शिक्का असलेली. गेला हिवाळा आणि हा उन्हाळा दोन्ही आलटून पालटून चालवल्या. नियमित फायरिंग करायचं असेल तर इशापूरची घ्या. जुन्या वस्तूची हौस असेल, शिक्के वाचत बसायला आवडत असेल, तर बीएसए.

आधी एक गैरसमज काढून टाकतो, कारण इथल्या दुकानदारांच्या तोंडूनही तो ऐकलाय. २ए१ म्हणजे .३०३ ची नळी बदलून केलेली जोडाजोड नव्हे. १९६२ च्या चीन युद्धानंतर आपलं सैन्य एसएलआर या स्वयंभरण रायफलीकडे वळत होतं आणि तिचं काडतूस होतं ७.६२. दुसऱ्या फळीसाठी तेच काडतूस चालणारी बोल्ट रायफल हवी होती. इशापूरनं जुन्या मार्क ३ चाच आराखडा घेतला, पण बॉडी जास्त मजबूत पोलादाची, नवी बनवली. मॅगझिन चौकोनी झालं. मागच्या साइटची अंतराची पट्टी नंतर २००० ऐवजी ८०० पर्यंतच ठेवली, तीच २ए१. बाकी नाकाडापासून बटापर्यंत रूप तेच, इतकं की लांबून बघणारा फक्त मॅगझिनवरून ओळखतो.

आणि ‘ओरिजिनल’ कुणाची, हाही गमतीचाच भाग. या बोल्टचा आणि मॅगझिनचा जनक जेम्स पॅरिस ली जन्मानं स्कॉटिश, पण वाढला इथे ओंटारियोतल्या गॉल्टमध्ये, म्हणजे आजच्या केंब्रिजमध्ये. दुसऱ्या महायुद्धात याच रायफलीच्या नंतरच्या मॉडेलच्या, म्हणजे नंबर ४ च्या, नऊ लाखांहून जास्त रायफली इथल्याच लाँग ब्रँचच्या कारखान्यात बनल्या. त्या कारखान्याची इन्स्पेक्शन बिल्डिंग लेकशोअर रोडवर अजून उभी आहे, आता तिथे कलाकेंद्र चालतं.

आता वापराबद्दल. सगळ्यात मोठा फरक काडतुसाचा. .३०३ इथे मिळतं, हरणांच्या शिकारीला जाणारे जुने लोक अजून तेच वापरतात, पण दुकानात कधी असतं, कधी नसतं, आणि असेल तेव्हा खिसा हलका करून जातं. ७.६२ किंवा .३०८ मात्र कुठल्याही बऱ्या दुकानात बारा महिने मिळतं. एक सावधगिरी: बाजारातलं .३०८ आणि लष्करी ७.६२ दिसायला सारखं असलं तरी शिकारीचं .३०८ जास्त दाबाचं असू शकतं. यावर रेंजवर तासन् तास वाद झडतात. मी वादात पडत नाही, इशापूरमध्ये ७.६२ नाटोच घालतो. रायफलीची चाचणी त्याच काडतुसावर झालेली आहे.

दुसरा फरक भरण्याचा. .३०३ च्या बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या राउंडची कड खालच्याच्या पुढे राहिली पाहिजे, नाहीतर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि बोल्ट मध्येच थांबतो. सवयीनं हात नीट भरतो, पण बर्फात, बोटं आखडलेली असताना, ही कटकट जाणवते. इशापूरमध्ये हा प्रश्नच नाही, ७.६२ ला तशी कड नाही.

बोल्टच्या बाबतीत मात्र बीएसएला तोड नाही. शंभर वर्षांपूर्वीचा बोल्ट, पण एका बोटानं उचलला जातो आणि सुरकन मागे येतो. इशापूरचा सुरुवातीला खरखरीत होता. तेल, पुसणं आणि भरपूर वापर यांनी सुधारलाय, तरी बीएसएची सर नाही. दोन्ही बोल्ट पुढे ढकलताना कॉक होतात (गोळी उडवणारी स्प्रिंग ताणली जाते), त्यामुळे शेवटच्या टप्प्यात जोर लावावा लागतो. पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला हे आधी विचित्र वाटेल. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश शिपायाकडून मिनिटाला पंधरा नेमके राउंड अपेक्षित होते. ते या बोल्टवर शक्य आहे, पण रोजच्या सरावानंतर. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर पोलिसांच्या हातात हीच थ्री नॉट थ्री होती आणि समोर एके होत्या. त्या रात्रीनंतर सगळ्यांनी रायफलीला नावं ठेवली. ती जुनी होती हे खरंच. पण ही रायफल सराव नसलेल्या हातात निम्मीच चालते, हे स्वतः चालवल्याशिवाय कळत नाही.

अचूकतेत माझ्या दोन्ही रायफली शंभर मीटरवर साधारण सारख्याच. बसून, सँडबॅगवर टेकवून, चांगल्या दिवशी सगळ्या गोळ्या तीन-चार इंचांत पडतात. खरी अडचण डोळ्यांची. दोन्हींची मागची साइट नळीवर, पुढे. चाळिशी लागली की मागची खाच आणि पुढची माशी एकाच वेळी स्पष्ट दिसणं संपलं. मित्राच्या लाँग ब्रँचच्या नंबर ४ वर मागची साइट डोळ्याजवळ आहे आणि तिला गोल भोक आहे, त्यातून नेम फारच सोपा जातो. पन्नाशीकडे झुकलेला असाल तर खरं म्हणजे इशापूर-बीएसएचा वाद सोडा आणि नंबर ४ बघा.

धक्का इशापूरचा किंचित जास्त. पातळ टी-शर्टवर उन्हाळ्यात खांदा बोलतो. बटाच्या लांब्या वेगवेगळ्या येतात, लाकडावर ‘एस’ वा ‘एल’ असा शिक्का असतो. माझ्यासारख्या मध्यम उंचीच्या माणसाला आखूड बट बरं. पण मार्क ३ किंवा २ए१ चं बट काढायचं तर आधी पुढचं लाकूड उतरवा. बटाच्या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत बसलेलं असतं. लाकूड न काढता बोल्ट फिरवला की ते मागून तडकतं. जुन्या रायफलींचं लाकूड फाटलेलं दिसतं त्यातलं बरंचसं याच घाईमुळे.

इशापूरचं लाकूड दिसायला ओबडधोबड, पण पुढच्या भागात आडवा स्क्रू ठोकलेला असतो, त्याला इथले लोक ‘इशापूर स्क्रू’च म्हणतात. लाकूड फाटू नये म्हणून तो, आणि काम करतो. माझ्या रायफलीच्या लाकडात मुरलेलं जुनं ग्रीस उन्हात ठेवलं की अजून पाझरतं. पुलथ्रू (नळी साफ करायची दोरी) आणि चिंदी तेवढी हाताशी ठेवा. .३०३ चा जुना लष्करी साठा वापरलात तर त्याच दिवशी नळीतून उकळतं पाणी ओता, मग कोरडी करून तेल. त्या काडतुसांच्या प्रायमरचा (बुडातल्या पेट घेणाऱ्या टोपीचा) क्षार रात्रभरात नळी गंजवतो.

इशापूरची एक खोट मोठी आहे: सुटं मॅगझिन मिळत नाही, मिळालंच तर किंमत ऐकून हसू येतं. घेताना असलेलं मॅगझिन नीट बसतंय का, त्याच्या तोंडाच्या कडा वाकलेल्या नाहीत ना, ते दुकानातच बघा. बोल्टवरचा आणि बॉडीवरचा नंबर एक आहे का तपासा, गनस्मिथकडून हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतुसाचं बूड यांतली मोकळीक) मोजून घ्या. ‘डीपी’ शिक्का असेल तर ती कवायतीची रायफल आहे, कितीही स्वस्त असो, हात लावू नका. अमेरिकेतून येणाऱ्या, नळी कापून ‘जंगल कार्बाइन’ म्हणून खपवलेल्या २ए१ पासूनही लांबच राहा.

कायद्याचं म्हणाल तर इथे पीएएल, म्हणजे कॅनडाचा बंदुकीचा परवाना, असला की दोन्ही चालतात, फक्त कुलपात ठेवायच्या. भारतात सामान्य परवानाधारकाला हे दोन्ही बोअर मिळत नाहीत, त्यामुळे तिकडच्या मित्रांनी कृपया ‘एक पाठवून दे’ असे मेसेज करू नयेत.